फाटकाजवळचा फवारा

तंजावूर, मंगळवार, १७ मे १९९४

फाटकाजवळचा स्प्रिंकलर आजही फिरला नाही. मोटर ठीक आहे, फिल्टरची जाळी कालच धुतली. नोझल उघडलं तर परत काथ्या. विहिरीच्या पाण्यातून काथ्या जाळी ओलांडून येतो कसा? अण्णा इस्पितळातून घरी आले की आधी त्यांची हिरवळ बघणार, आणि नेमका तोच कोपरा करपलाय.

नोझल साफ करून आत गेलो. चष्मा बाहेर राहिला म्हणून परतलो, तर आई वाकून नारळाचा काथ्या त्यात कोंबत होती. मी ओरडलोच. ती म्हणाली, "तुझं पाणी पहाटे फाटकापुढची रांगोळी पुसतंय. सुतकाच्या घरापुढेच रांगोळी नसते रे. शनिवारी समोरच्या मामी रडत आत आल्या. अण्णा गेले असं वाटलं त्यांना."

मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं?

आत्ता इस्पितळातून फोन आला. आजची रात्र निघू दे, म्हणतात डॉक्टर.

बाहेर जाऊन काथ्या मीच परत बसवला. घट्ट.