सरूबाई, वय ९१

औंढे, ता. मावळ
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

स्नेहलताईस धाकट्याचा नमस्कार.

हितं सगळी बरी हायेत. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, पण तोंड चालू हाय म्हणजे तब्येत ठीक. भात झोडून झाला. मी पण बरा हाय. आता खाली बस. उभी असशील तर आदी बस, मंग पुढचं वाच.

ताई, सरूबाई ही बाई न्हाई. ती कैलासची म्हैस हाय.

वाचलंस? पाणी पी.

फोनवर सांगितलं असतं तर तू मधीच वरडली असतीस आन मी कट केला असता. तसा बी तुझा फोन पंधरा दिवस बंदच हाय, रविवारी आईला दोन मिनिटं करतीस तेवढाच. म्हणून पत्र. आयडिया माझी न्हाई, तुमच्या लायब्ररीतल्या चंद्रिका मॅडमची. त्याच म्हणल्या, "लिहून आण, मी तिच्या टेबलावर ठेवते." त्या मला कशा वळखतात, ते सांगतो. दमानं घे.

गेल्या वर्षी मे महिन्यात तू पीएचडीसाठी गावातल्या शेतांची नावं गोळा करत हुतीस. कुठल्या वावराला काय म्हणतात, का म्हणतात, कोण सांगतंय, त्याचं वय किती. चाळीस वावरं तू सोता फिरलीस. मंग तुला ताप आला. उरलेले सहा फॉर्म माझ्या हातात दिलेस आन म्हणलीस, "तू हुशार आहेस, सहज करशील." मी ते सहज केलं. कैलासच्या गोठ्याम्होरं बसून अर्ध्या तासात सहाच्या सहा भरलं. सांगणाऱ्याचं नाव काय लिहावं कळंना. समोर म्हैस रवंथ करत हुती. लिहिलं, सरूबाई, वय ९१. अंगठा माझाच, डावा.

त्यातलं "बिबट्याची पंगत" तुला लय आवडलं. लग्नाच्या पंगतीला बिबट्या येऊन बसला, कुणी हुसकला न्हाई, तवापासून वावराला ते नाव. कैलास हसून हसून पेंडीच्या पोत्यावर पडलता. तू त्यावर चार पानं लिहिलीस, माणूस आन जनावराच्या जुन्या समेटाबद्दल. तुमच्या सरांना तेच सगळ्यात आवडलं, म्हणून चौथं प्रकरण तितनंच सुरू केलंस.

मंग तू म्हणाय लागलीस, मला सरूबाईंना भेटायचंय. मी म्हणलं, लेकीकडं बेडश्याला गेलीय. दोन महिन्यांनी परत विचारलंस. म्हणलं, आजारी हाय. गणपतीत विचारलंस तेव्हा मला काय सुचंना. म्हणलं, गेली.

मला वाटलं विषय संपला.

भाऊबीजेला तू ते बांधलेलं बाड घेऊन आलीस. पहिल्याच पानांत, "कै. सरूबाई यांच्या स्मृतीस वंदन." ताई, कै. सरूबाई मागच्याच आठवड्यात व्यालीय. पारडी झाली.

आन तिच्या खालची ओळ. "माझा धाकटा भाऊ सार्थक, ज्याने उरलेली शेतं पायी फिरून माहिती गोळा केली." आईला ती ओळ पाठ झालीय. पण ती सोता म्हणत न्हाई. घरी कोण बी येऊ दे, मलाच वाचाय लावती. दूधवाल्याला वाचून दाखवली. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला दाखवली. तो म्हणला, "वा, बहिणीचं नाव काढलंस." मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. तुला खोटं वाटंल, पण आईनं पातेल्यात बघून विचारलं, "बरं न्हाई का रं?"

चोवीस तारखेला तू ते जमा करणार. मंग बाहेरचे लोक तपासणार. एखादा जर औंढ्याला आला आन म्हणला, सरूबाईचं घर कुटं, तर पोरं त्याला सरळ गोठ्यात नेतील.

आता माझं डोकं कसं चालतं तुला म्हायतीय. मी काय सरळ मार्गानं जातोय व्हय? मी म्हणलं, नाव खोटं हाय ना, तर खरं करून टाकू. तूच सांगितलेलं, तुमच्या लायब्ररीत औंढ्याचे जुने नकाशे हायेत. त्यावर बारीक अक्षरात "बिबट्याची पंगत" लिहून ठेवलं की झालं. एक जुनाट पेन्सिल घेतली, गेल्या महिन्याच्या तीस तारखेला गाडी काढली आन सोमाटण्यावरनं थेट तुमच्या लायब्ररीच्या दारात.

गेटवर आधार कार्ड बघून एक दिवसाचा पास दिला. मला वाटलं आत पुस्तकं असतील आन गप्प बसलेली माणसं. तसलं न्हाईच काय. एका कोपऱ्यात एक मॅडम पाच-सहा पोरांना शिकवत हुत्या, पुस्तकाचं नाव शेवटी कसं लिवायचं, पान नंबर का टाकायचा. एक पोरगा शेतीचा कुठलातरी लेख मिळंना म्हणून रडकुंडीला आलता. काउंटरवरच्या माणसानं पार दुसऱ्या राज्यातल्या लायब्ररीला लिहिलं आन तासाभरात तो लेख पोराच्या फोनवर. आन ते मशीन! तुमचं लिवलेलं त्यात टाकलं की कुणाचं किती उचललंय ते लाल रंगात दिसतं. मी मनात म्हणलं, बरं झालं, म्हशीचं त्यात दिसत न्हाई. म्हैस एकदम ओरिजिनल.

वर काचेची खोली हाय ना, पीएचडीवाल्यांची? तितं तू बसलेली. केसात पेन्सिल खोवलेली, चारी बाजूंनी पुस्तकं, चहाचा कप जमिनीवर. घरात तू भांडी घासतानाच मी बघितलीय. तितं तुला बघून मला वाटलं, खालच्या सगळ्यांना सांगावं, ती बघा, ती आमची. आन खिशात माझी पेन्सिल हुती.

हाक मारली न्हाई.

मी काउंटरवर म्हणलं, औंढ्याचा जुना नकाशा बघायचाय. चंद्रिका मॅडमनी मोठा कागद आणून टेबलावर पसरला आन गेल्या. मी इकडं तिकडं बघून पेन्सिल काढली. "बि" लिहून झाला, तेवढ्यात मागनं आवाज.

"पुढे काय लिहिणार आहेस?"

मी म्हणलं, "काय न्हाय, जरा खुणा..."

"ही झेरॉक्स आहे. खरा नकाशा लोखंडी कपाटात असतो. आणि त्याचे फोटो आणखी तीन ठिकाणी आहेत. तिकडे पण लिहायला जाणार का?"

मला वाटलं आता वॉचमन बोलावणार. त्यांनी खुर्ची वढली आन समोर बसल्या. "नाव?" सार्थक. "कोणाचा?" मी वर काचेकडं बघितलं. त्यांनी पण बघितलं.

मंग मी सगळं वकलं. म्हशीपर्यंत आलो तेव्हा त्या उठून कपाटाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत हुते. परत आल्या तेव्हा चेहरा एकदम कडक.

"दरवर्षी एक-दोन येतात," म्हणल्या, "पेन्सिलवाले. बाकीचे शिकलेले असतात, एवढाच फरक. चुकीची माहिती मिळणं मोठं नाही. ती झाकली की चार वर्षांचं काम वाया जातं. तिला तूच सांगायचंस. पण नुसतं चुकलं म्हणून हात हलवत जाऊ नकोस. खरं घेऊन जा."

आन कोरे सहा फॉर्म दिले. रेकॉर्डर पण दिला, माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून. तीन गोष्टी सांगितल्या. एकाच वावराचं दोघांना विचारायचं, येगयेगळं. आपण नाव सुचवायचं न्हाई. आन माणूस जसं बोलंल तसंच लिवायचं, आपली अक्कल घालायची न्हाई. शेवटचं मला जरा लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा आबांकडं गेलो. आबा अंगणात दाढी करत हुते. मला बघून म्हणले, "का रं, ताईनं नोकरीवर ठिवला काय तुला?"

"आबा, वावरांची नावं विचारायचीत."

"दीड वर्षाखाली तुझी बहीण उनातानात फिरत हुती, तवा तू कुटं उलथला हुता?"

फेस पुसून आबा काठी घेऊन म्होरं आन मी मागं. सहा वावरांना तीन सकाळी लागल्या, कारण आबा प्रत्येक बांधावर बसतात आन तंबाखू मळतात. पण ताई, त्या माणसाला काय काय म्हायती हाय! कुठल्या बांधाखाली झरा हाय, कुठला दगड कुणी आणून रवला, सगळं.

ज्याला मी बिबट्याची पंगत केलं, ते वावर म्हणजे कुठलं म्हायतीय? मी जितं केअरटेकर हाय त्या बंगल्याची जागा. स्विमिंग पूल हाय बघ, तितंच. आबा कंपाउंडच्या भितीला हात लावून उभं राहिलं.

मी म्हणलं, "आबा, ह्याला काय म्हणायचं?"

"निवळीचं वावर."

"का बरं?"

"का म्हंजे? डोंगराचं पाणी गढूळ यायचं. त्ये एकदम भातात सोडलं तर रोपं गाळानं बसत्यात. म्हणून आदी हितं थांबवायचं. दोन-चार दिस निवळू द्यायचं, मंग खाली पाटानं सोडायचं. तुज्या पणज्यानं बी सोडलंय."

मी गेटातनं स्विमिंग पुलाकडं बघितलं. कारण दर भादव्यात त्या पुलाच्या कोपऱ्यातनं गढूळ पाणी वर येतं. मालकांनी तीनदा प्लास्टर करून घेतलं. तिघं मिस्त्री येऊन तिघांनी आदल्याला नावं ठेवली. आन चार दिवसांनी ते पाणी आपोआप काचंसारखं व्हतं. मी चार वर्षं त्या पाण्याला शिव्या देत जाळी फिरवतोय. ते बिचारं आपल्या जुन्या घरी येतंय.

मॅडमनी सांगितलेलं म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला रतनबाईंना पण विचारलं. आबांचं नाव काढलं न्हाई. मावशी तांदूळ निवडत हुत्या, मान वर न करता म्हणल्या, "त्ये व्हय, निवळी. लावणी झाली की आमी बाया तितंच पाय धुयाचो." रेकॉर्डर चालू हुता. मागं कोंबडा पण आलाय त्यात, तो काढू नको.

सहा तारखेला परत लायब्ररीत. मॅडमनी जुन्या मोजणीची वही काढली, शंभर वर्षांवरची, त्यातली मोडीतली नावं कुणीतरी वाचून शेजारी साध्या अक्षरात लिहिलेली. मला वाटलं त्या काढून देतील. त्या म्हणल्या, "तू शोध." ताई, मी दोन तास एका जागी बसलो. शाळेत पस्तीस मिनिटं बसलो न्हाई. नव्वद नंबरच्या पानावर, खालनं तिसरी ओळ. निवळी. बोट ठेवलं ते उचलंना. आबा कधी शाळंत गेले न्हाईत, ती वही कधी औंढ्यात आली न्हाई, आन दोघं एकच बोलले.

मी एवढ्या जोरात "मॅडम!" म्हणून वरडलो की सगळ्या लायब्ररीनं माना वर केल्या. तू पण केली असणार. मी टेबलाखाली वाकलतो.

मॅडम म्हणल्या, पाण्याच्या जुन्या वाटा हाच तुझा विषय हाय, तर हे बिबट्यापेक्षा दसपट कामाचं हाय. चार पानं जातील, पण त्या जागी खरं उभं राहील. अकरा दिवस हायेत. सहा फॉर्म, रेकॉर्डिंग आन त्या पानाचा फोटो ह्या पत्राबरोबर ठेवलाय. सरांना सांगावं लागंल, लपवायचं न्हाई, हे पण त्या म्हणल्या. सांग. भावानं घाण केली म्हण. माझं नाव घेऊन म्हण. जुने फॉर्म मात्र टाकून देत न्हाईत म्हणं, "रद्द" लिहून फाईलीला ठेवतात. म्हणजे सरूबाई फाईलीत कायमची.

एक राहिलं. ते मी मगापासनं पुढं ढकलतोय.

तू मे महिन्यात फॉर्म दिलेस ना, त्याच दुपारी बारावीचा रिझल्ट लागलता. मी सगळ्यांना सांगितलं, इंग्लिशचा पेपर दिलाच न्हाई, झोपून राहिलो. सगळे हसले. मी पण हसलो. ताई, मी दिलता. बावीस मार्क. दुसऱ्यांदा. आन त्यावर तू म्हणलीस, तू हुशार आहेस. मला वाटलं तू चेष्टा करतीस. म्हणून तुझी चेष्टा केली.

तू चेष्टा करत न्हवतीस, हे मला त्या नव्वद नंबरच्या पानावर कळलं.

मॅडमनी मला बाहेरच्या वाचकाचं कार्ड करून दिलंय. फोटोत मी चोरासारखा दिसतोय. बंगल्यावर गिऱ्हाईक शनिवार-रविवारी, म्हणून मी गुरुवारी जातो, खालच्या हॉलमधे, खिडकीपासनं दुसरं टेबल. आन सोमवारी लोणावळ्याला जाऊन इंग्लिशचा फॉर्म भरलाय. फेब्रुवारीत पेपर.

तुझ्या बाडातली कै. सरूबाईंची ओळ काढ. त्याच्या खालची, माझी, काढू नको. लिहिलीस तेव्हा खोटी हुती. आता खरी हाय. सहाच्या सहा वावरं पायी फिरलोय, वाटल्यास आबांना विचार.

पण ताई, तुझ्या पाया पडतो, त्या इंग्लिशच्या फॉर्मचं कुणाला सांगू नको. आईला तर अजिबात न्हाई, ती पेपरच्या आदीच पेढे वाटंल, आन परत बावीस पडले तर मी तोंड कुटं घालू? कैलासला पण नको. आन सरूबाई पीएचडीत हाय हे तर त्याला मेलं तरी कळू देऊ नको, तो तिला हार घालून गावातनं मिरवंल. सरांना जेवढं लागंल तेवढं सांग, बाकी तू, मी आन चंद्रिका मॅडम. हे वाचून झालं की पत्र फाड. फाडायचं नसंल तर लोखंडी कपाटात ठेव.

गुरुवारी खाली ये. मी हाक मारणार न्हाई, तूच मार. हळू.

तुझा,
खिडकीपासनं दुसऱ्या टेबलावरचा
सार्थक