पिशवीसकट लावलेले करंज

जत, सोमवार, ११ नोव्हेंबर १९७४

आज माळावरचं करंजाचं एक वाळकं रोप उपटलं, तर बुडाशी रोपवाटिकेतली काळी प्लास्टिकची पिशवी तशीच. आत मुळं गोल गोल फिरून मेलेली. दुसरं उपटलं, तेही तसंच. तिसरं उपटायला हात धजला नाही.

जुलैत मोठे साहेब पाहणीला येणार होते, म्हणून एका दिवसात सगळा माळ हिरवा करायचा होता. रोपं लावणारी तानूबाई बिचारी म्हणाली, "आवं सायब, पिशवी न्हाई व्हय फाडायची?" मीच खेकसलो, "राहू दे, नंतर काढू." साहेब खूश होऊन गेले. नंतर आम्ही विसरलो. विसरलो, की आळस केला?

संध्याकाळी वनपालांनी अहवाल लिहिला : रोपं मेंढरांनी खाल्ली. खाली वनरक्षक म्हणून माझी सही. सही करताना ती काळी पिशवी माझ्या खिशात होती. तरी हात थांबला नाही.

उद्या बिरू धनगराची मेंढरं कोंडवाड्यात घालायची. मेंढरू करंजाला तोंडसुद्धा लावत नाही, हे मला बिरूनंच शिकवलं होतं. हुकूम घेऊन त्याच्या वाड्यावर मीच जायचंय.