कॅन्सर मेला म्हणून रडलीस

आणि एवढं होऊनबी माझंच चुकलं म्हणत असशील तर म्हण, मोनाताई. पण त्या दिवशी तू हात लावू नको म्हणाली होतीस, नाक लावू नको असं काही म्हणाली नव्हतीस. फोनवर ब्लॉक केलंस म्हणून राहिलेलं भांडण कागदावर करायची पाळी आली. (नववीतून पळालो त्यानंतर एवढं लिहायला आजच बसलोय, अक्षराला हसू नको.) असो, आधी रीतीचं. धाकट्या सम्यकचा सप्रेम जय भीम. इथं हैदराबादेत भट्टीपुढं मी मजेत आहे. बेकरीचा शेठ बरा आहे, फक्त पगाराच्या दिवशी त्याची तब्येत बिघडते. तुझी कशी आहे? डोळ्यांखाली काळं आलंय असं आई म्हणत होती. होस्टेलच्या वरणात डाळ दिसायला लागली का?

आता मुद्द्याचं. मला बसलेला धक्का अजून उतरंना. मी सगळ्यांना सांगत फिरलो की आमची ताई कॅन्सरवर एम.एस्सी. करती, तीबी संशोधनाची, म्हणजे कॅन्सर मारायचं शिकती. आणि त्या रविवारी मुक्ताआत्याला जाऊन वर्ष झालं म्हणून तिच्या पुण्यानुमोदनाला आपल्याला गावी पिशोरला जायचं होतं, मी रात्रपाळी करून पिठाच्या कपड्यांनिशी रेल्वेतून उतरून थेट तुझ्या कॉलेजात आलो, तर तू म्हणतेस थांब, पेशींना खाऊ घालून येते. कुणाच्या पेशी, तर कॅन्सरच्या. म्हणजे तू कॅन्सर पाळतेस. त्याला रविवार नाय, सण नाय, भूक लागली की तू हजर. खुराक काय, तर गुलाबी पाणी आणि त्यात वासराच्या रक्तातलं सत्त्व, ज्याची लहानशी बाटली माझ्या महिन्याच्या पगाराएवढी. (आईला वासराचं सांगितलेलं नाय. तिच्या गोठ्यात सध्या एक आहे, ती त्याला तुझ्या नजरेस पडू देणार नाही.) त्याहून कहर म्हणजे थेंब थेंब औषध पाजून तू त्या पेशींना औषधाची सवय लावत होतीस, आठ महिने. मी म्हणालो, ताई, हे म्हणजे बोक्याला काठीची सवय लावून दुधापाशी बसवणं झालं. तर तू म्हणालीस, आत्याला पहिल्यांदा औषध लागू पडलं, तोंडातली गाठ बसली, मग तेच औषध चालेनासं झालं. ते का, एवढंच मला बघायचंय. त्यावर मी बोका मागं घेतला. (असं मी क्वचित करतो.)

मग निघालात का म्हणून आईचा फोन आला आणि तू बोलायला बाहेर गेलीस. आता माझं ऐक. ते तुझं पेशींचं कपाट म्हणजे हुबेहूब आमची पीठ फुगवायची खमिराची खोली, तीच ऊब, तीच ओल. अशा जागी आम्ही बेकरीवाले फडकं उचलून वास घेतोच, पीठ आलं का नाय ते नाकालाच कळतं. तसं मी दार उघडलं, एकेका डबीचं झाकण अलगद उचललं आणि वास घेतला. वास काहीच नव्हता. मला तर वाटलं तुझा माल बिघडलाय, सांगावं. पण गाडी चुकंल म्हणून राहून गेलं.

कार्यक्रम उरकून तू दुसऱ्या दिवशी परतलीस, मी पिशोरलाच थांबलो. बुधवारी तुझा फोन आला तेव्हा ओसरीवर सगळे बसलेले. सगळ्या डब्यांत खमीर माजलंय एवढं मला सांगून तू अशी रडत होतीस की आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. कोण गेलं, कोण गेलं सुरू झालं. मी म्हणालो, माणूस कुणी नाय, ताईचा सगळा कॅन्सर मेला, माझ्या अंगावरच्या खमिरानं. बाबा जागचे उठले. म्हणाले, “मग पोरगी रडती कशाला? पेढे आणा की.” शेजारच्या मालनबाईनं तर माझा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, इथंबी काही फरक पडतोय का बघ म्हणे. ती सगळी संध्याकाळ मी गावचा डॉक्टर होतो. ज्या रोगानं आत्याला नेलं तो माझ्या शर्टाला भ्याला, म्हणून मला तर बेकरी सोडून हाच धंदा धरावासा वाटला. मग पुन्हा तुझा फोन आला, तूच खाली उतरवलंस. डबीतला कॅन्सर मारायला थुंकीबी पुरते म्हणालीस, तो माणसाच्या आत मारायचा आणि माणूस तेवढा ठेवायचा, अवघड ते आहे.

इथपर्यंतबी मी सोसलं. पण पुढं तू म्हणालीस की आठ महिने मातीत गेले, मार्गदर्शक मॅडम म्हणतात पहिल्यापासून लाव, पण बाटलीला विभागात पैसा उरला नाय, तेव्हा शिक्षणच सोडते, वैजापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बोलावलंय. एवढा धक्का मला कॅन्सर पाळण्याचाबी बसला नव्हता. ताई, आपल्या घरात सोडून द्यायचं खातं माझ्याकडं आहे. शाळा मी सोडली, गॅरेज मी सोडलं, फुलंब्रीचं हॉटेल तर तिसऱ्या दिवशी सोडलं. तू माझ्या धंद्यात येऊ नको.

तुझा भाऊ,
सम्यक

ता. क. सोबत बिस्किटं पाठवलीत. होस्टेलात खा, हात धू, कपडे बदल, मगच पेशींकडं जा. पुन्हा माझं नाव नको.

आणखी एक ता. क. हे खरं तर आधीच लिहायचं होतं. भट्टीपुढं झोप येऊ नये म्हणून मी गालात तंबाखू-सुपारीची पुडी धरतो, ते तुला ठाऊक आहे. (त्यावरून आपलं भांडण आत्या होती तेव्हापासूनचं.) हल्ली तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. तिखट सोसत नाही, आणि गालात आतून पांढरं दिसतंय. शेठ म्हणतो उष्णता आहे. मी पुडी टाकून दिली. येत्या रविवारी तिकडं येतो, चांगल्या कपड्यांत, मला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन चल. आईला सांगू नको. तू वैजापूरला पोरांना बेडूक शिकवत बसलीस तर औषध का चालेनासं होतं ते कोण बघणार, मला कळंना. तेव्हा तेवढा ब्लॉक काढ आणि मॅडमना सांग, पेशी पुन्हा लावते म्हणून. बाटलीसाठी तुझ्या खात्यावर टाकलेत अकरा हजार सहाशे रुपये.