बिनआवाजाचा कीबोर्ड

रोडपाली,
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय पद्मजा,

टाइप केलेलं पत्र बघून तुला वाटेल, शशीनं हेही ट्रकच्या मालाच्या बिल्टीसारखं उरकलं. तसं नाही गं. पेन धरलं की अंगठ्याशेजारची दोन बोटं मध्येच झोपी जातात आणि अक्षर घसरत जातं. आणि फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू "कधी येतेस" म्हणालीस की मी हसते आणि तुझ्या खानावळीतल्या पाहुण्यांची चौकशी सुरू करते. म्हणून हे असं, ऑफिसात, माझ्याच टेबलावर, भर दुपारी. समोर तुझ्या खुर्चीवर नवी मुलगी आहे, अंकिता. ती डबा उघडून बसली आहे आणि मी काय करते आहे याचा तिला पत्ता नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी बोटांचं सांगते, कारण ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. सकाळी ब्लाउजचे हूक लावायला शेजारच्या गंगाबाईंना हाक मारावी लागते. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते, थंडी वाजत असल्यासारखा. नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं, टायपिंग सोडा, आत्ता सोडलंत तर बोटं तुमची, नाहीतर गेलेली ताकद परत यायची नाही. खरं सांगू, जिना उतरताना मला रडू नाही आलं. मला तुझं दिवेआगर दिसलं. म्हटलं, सुटले. तू शिजवायचं आणि मी पाहुण्यांशी बोलायचं, हे आपलं डबा खाताना कितीदा ठरलं होतं.

पण केतनशेठच्या केबिनमध्ये जाऊन "मी निघते" म्हणायचं कसं? गणपती झाल्यावर वाक्य पाठ करून गेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे केली आणि समोर बसलेल्या पार्टीला सांगायला लागले, "या आमच्या शशीबेन. बाहेर यांचा खडखडाट चालू असला की ट्रक वेळेवर सुटणार. मी आत डोळे मिटून बसतो." मी बाहेर आले ती फरसाणची पुडी घेऊन. वाक्य तसंच पाठ. तूच सांग, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं अक्षरं काढून टायपिंग शिकलेल्या बाईला सर्टिफिकेट न विचारता ज्यानं खुर्ची दिली, त्याला काय म्हणायचं? त्या पुठ्ठ्यावर जोर लावूनच शिकले, म्हणून अजून बटणं खिळे ठोकल्यासारखी ठोकते. तो खडखडाट त्यांना गोड लागतो.

मग मी नको तो शहाणपणा केला. थेट बोलवेना म्हणून आडून बोलले. म्हटलं, या कीबोर्डनं बोटं फार दुखतात हो. मला वाटलं, शेठ म्हणतील, शशीबेन, पुष्कळ झालं, आता घरी आराम करा. कसलं काय. अंकिता ताडकन उभी राहिली. "मावशी, प्रॉब्लेम तुझ्या बोटांचा नाही, त्या डबड्याचा आहे." आणि शेठना सांगून ओळखीच्या दुकानातून तिनं पाच तऱ्हेचे कीबोर्ड वापरून बघायला आणले. सगळ्यांनी सगळ्यांवर काम करायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. आवाज किती, बटण मऊ किती, संध्याकाळी बोटांना काय वाटतं. तक्ता पाण्याच्या कूलरला चिकटवला.

तू असायला हवी होतीस, पद्मा. एक पापडासारखा चपटा. एक मधून दुभंगलेला, त्यावर टाइप करताना कोपरं पसरून अंड्यावरच्या कोंबडीसारखं बसावं लागे. एक रबराचा, गुंडाळी होणारा. एक आतून रंगीत दिवे लागणारा, बटण दाबलं की टक्क वाजणारा. त्यावर अंकिताचा जीव जडला. काम नसलं तरी ती तो नुसताच वाजवत बसायची. आपला जगन, कोन गावचा, म्हणाला, "यो काय कीबोर्ड हाय? यो दिवालीचा कंदील हाय." ट्रकांच्या मागे फिरण्यात त्याचा जन्म गेला, टाइप अजून दोनच बोटांनी करतो. त्यानं पाचांनाही पाच-पाच मार्क दिले. का म्हणून विचारलं तर म्हणे, "मी हातच अर्धा लावतंय, मंग मार्क पन अर्धं." आणि पाचवा कीबोर्ड काळा, साधा. बटण दाबलं की कापसात बोट रुतल्यासारखं. आवाज म्हणून नाहीच.

मी एकालाही दोनाच्या वर चढू दिलं नाही. मनात म्हटलं, हिला कुठलाच चालत नाही असं ठरलं की वाट आपोआप मोकळी. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला गेले तर तक्ता बदललेला. अंकितानं तिच्या लाडक्या दिव्यांच्या कीबोर्डचे दहा खोडून चार केले होते आणि बिनआवाजाच्याला दहा दिले होते. जगनच्या पाचाचेही दहा झालेले. बाकीच्यांचेही दहा. मी अंकिताकडे बघितलं तर ती म्हणाली, "तुला मागायची भीड पडते ना, म्हणून तू सगळ्यांना दोन दिलेस. मग आम्हीच मागितलं." जगन लांबूनच ओरडला, "आता शशीबाय घरी बसायची बात नाय. आमी सोडनारच नाय." सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता वाटलं, बाहेरून कुणीतरी हळूच, मायेनं, कडी घातली.

बोटं तशीच आहेत. कापसात रुतली तरी बधिर ती बधिरच. पण आता दोष कशाला देऊ? कीबोर्ड तर एकमतानं निवडलेला. शेठना तो मनातून नको होता. म्हणाले, "मग मला आत कळणार कसं, तुम्ही आहात की नाही?" तरी घेतला. आता थोड्या थोड्या वेळानं केबिनचं दार किलकिलं होतं, शेठ डोकावतात, मी दिसले की मान हलवून आत जातात. आधी मी ऐकू आले की त्यांना पुरायचं. आता दिसावं लागतं. तोंड धुवायला गेले तरी हाक येते, "शशीबेन कुठे?"

दसऱ्याची पूजा तुला आठवतच असेल. तराजू, छपाईची मशीन, सगळ्याला झेंडू, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या यंत्रावर "श्री" उमटवायचा. शेठचं ते ठरलेलं वाक्य, "ज्यानं श्री लिहिला तो वर्षभर माझा." यंदा पहिला मान माझ्या नव्या कीबोर्डला. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, अंकितानं फोटो काढले, सगळे टेबलाच्या पलीकडे उभे, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे. मी बोटं ठेवली आणि तो श्री माझ्याच्यानं लिहवेना. मी लिहिलं, "प्रिय पद्मजा". जुना कीबोर्ड असता तर जगननं टोकलं असतं, शशीबाय, केवढा लांब श्री. या कीबोर्डवर कुणाला काही ऐकूच आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठनी आपट्याचं पान हातात ठेवलं, मी ते कपाळाला लावलं. वरचा मायना तो तेव्हाचा आहे. बाकीचं पत्र आज त्याच्याखाली लिहिते आहे.

आणि ते कशासाठी, तेही आता सांगून टाकते. सासर कितीही मायेचं असलं तरी सासुरवाशीण दिवाळीला स्वतःहून पिशवी उचलून माहेरी निघत नसे. तसं निघणं म्हणजे घरावर रुसून जाणं. माहेरचं माणूस, मुराळी, न्यायला दारात आलं की मात्र सासू स्वतः शिदोरी बांधून द्यायची. माझ्या मागेपुढे कुणी नाही, तेव्हा हे ऑफिसच माझं सासर झालं, आणि तेही असं, की जिथं एक वाकडा शब्द मिळत नाही, ज्याच्यावर रागावून उठावं. राजीनामा मी टाइप करू शकते, पण तो द्यायला केबिनमध्ये गेले की पुन्हा चहा येईल. म्हणून दिवाळीच्या आधी तू ये. फोन करू नकोस, तो मी हसण्यावारी नेईन. एसटीनं पनवेलला उतर, रिक्षा करून इथं दारात उभी राहा, चहाला बसू नकोस, आणि शेठना एवढंच सांग, "हिला न्यायला आले आहे." ते रडतील, जगन रडेल, तू बघू नकोस त्यांच्याकडे. मीही काही बोलणार नाही. मी फक्त उठून पिशवी उचलेन, दोन्ही हातांनी उचलेन, कारण एका हातात आता ती राहत नाही.

दार किलकिलं झालं बघ. मी मान वर करून हसले. शेठ आत गेले.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
शशी