पिशवीची चिठ्ठी

अण्णा, तुमचा नियम काल मी मोडला, आणि पुन्हा मोडणार आहे. "पेशंटपुढे स्वतःचं काही काढायचं नाही. खुर्चीत बसलेल्या डॉक्टरला घर नसतं, पोटही नसतं." मला हौसेनं संस्कृत शिकवलंत आणि वर बजावलंत, की दवाखान्यात आत्मनेपद वर्ज्य. स्वतःच्या मधुमेहाचं इंजेक्शन तुम्ही औषधाच्या कपाटाआड उभं राहून घ्यायचात. अख्ख्या घाटनांदुरात ते फक्त त्या कपाटाला ठाऊक होतं.

काल ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. यंदा विहिरी आटलेल्या, दसऱ्यानंतर नवरा-बायको कारखान्यावर निघणार. वय तिशीच्या आत. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय. तपासलं, गोळ्यांनी बरं होण्यासारखं आहे. पण तिचं आधीच ठरलेलं. "पिशवी काढून टाका बाई. पाळीत खाडा झाला की मुकादम लई बोलतो." मी तुमच्यासारखंच नीट, मोजकं समजावत होते. ती स्टुलावरून उठलीच. "जमत न्हाई म्हना की. बीडला जाते मी."

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "माझी काढलीय. तेहतिसाव्या वर्षी." ती परत बसली. मग अंगातून उठणाऱ्या वाफा सांगितल्या, जिना चढताना कुरकुरणारी हाडं सांगितली. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"तुमी तर डाक्टर हाव. मंग कावून काढली?"

"रक्त फार जायचं. दुसरा उपाय आहे का, हे मी विचारलंच नाही."

"आगं बया," म्हणत ती माझ्याच गुडघ्यांची चौकशी करायला लागली. एरंडाच्या पानांचा शेक घ्या म्हणाली, दिवसातून दोनदा. तुम्हाला हीच भीती होती ना? रास्त होती. पाच मिनिटं पेशंट मी होते. पण ती गोळ्या घेऊन गेली, बीडला नाही गेली. सोमवारी नवऱ्याला आणते म्हणाली. त्यालाही मी सगळं सांगणार आहे.

दारातून वळून तिनं विचारलं, "काढा म्हून कुनी सांगितलं व्हतं तुमाला?"

"होते एक जुने डॉक्टर," मी म्हणाले.

"मुलं झाली, आता ती कशाला?" एवढंच बोलून, मान वर न करता तुम्ही लिहिलेली चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. हा कागद तिच्याच घडीत ठेवते. अण्णा, ते डॉक्टर माझे वडील, हे तिला नाही सांगितलं. तुमचा नियम काल मी तेवढाच पाळला.