हिरवळीवरची फक्की

१४ सप्टें., रविवार
सोसायटीची मीटिंग. बी विंगमागची हिरवळ काढून पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि गाड्या लावायच्या, असं घाटतंय. माळी सोडून गेल्यापासून गवत माजलंय, साप निघेल म्हणे. मी उठून विरोध केला. चेअरमन (इथून पुढे नुसतं चे., जास्त शाई नाही घालवणार) हसून म्हणाले, "वयनी, गाडी लावाया जागा न्हाई आन् तुमी गवताचं काय घिऊन बसलाय?"
म्हटलं, मी राखते हिरवळ.
"राखा की. दसऱ्याला गाड्यांच्या पूजेला समदे खाली येत्यात, तवा बघू. समदी नीट दिसली तर ऱ्हाईल. न्हाईतर पेव्हर. कबूल?"
सगळ्यांदेखत कबूल म्हणून बसले. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझ्या जिभेला हाड नाही." नाहीच.

१६ सप्टें.
निगडीला जाऊन मशीन आणलं. बॅटरीचं. वायर नको, पेट्रोल नको. मोटर एकच, पुढचे दांडे बदलायचे: गवताचा, मेंदीचं कुंपण छाटायचा, फांद्यांच्या करवतीचा, पाला उडवायचा. दुकानदार सगळं ह्यांना समजावत होता. चालवणार मी, असं दोनदा सांगितलं, तरी तोंड ह्यांच्याकडेच. शेवटी त्याच्या हातातून दांडा घेतला आणि बसवून दाखवला. चाकणला कंपनीत लाइनीवर उभा जन्म स्क्रू आवळण्यात गेला, हे काय अवघड.

१९ सप्टें.
पहिली कापणी. एका ठिकाणी पार टक्कल पाडलं. दंड भरून आलेत, पेन धरवत नाही. लिफ्टमध्ये ए विंगमधली एक बाई, "आज माळी आलाय का?" म्हटलं, मीच माळी. ती मजला येईपर्यंत मशीनकडेच बघत राहिली. बरं वाटलं.

२३ सप्टें.
मुलाचा बंगळुरूहून फोन. "आई, लोक काय म्हणतील?" त्याला कुणी कळवलं, ते माहितीये (ह्यांनीच). म्हटलं, बोलणाऱ्यांना खाली पाठव, पाला गोळा करायचाय.
मेंदी छाटून झाली. करवतीच्या दांड्याने वाळक्या फांद्याही काढल्या. गवत अजून बरंच बाकी.

२५ सप्टें.
शेजारची शैला विचारत होती, एवढा हट्ट कशाला? तिला म्हटलं, संध्याकाळी आपण बायका बसणार कुठे. ते खरंच आहे. पण माझं म्हणाल तर, कंपनीत सिमेंटच्या जमिनीवर सेफ्टी शूज घालून उभी राहिले. घरी फरशी. रस्त्यावर डांबर. रोज थोडा वेळ तरी गवतात अनवाणी चालायचंय मला. एवढंच. हे मीटिंगमध्ये सांगितलं असतं तर अजून हसले असते. हसू देत.

३० सप्टें.
चार दिवस पाऊस. ओलं गवत कापत नाही, मशीनच्या नायलॉन दोऱ्याभोवती गुंडाळलं जातं आणि मोटर गुरगुरते. कापलेलंही परत वर आलं. आज दुपारनंतर ऊन. उद्या काहीही करून सगळं उरकायचं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी मशीन जागेवर नाही. बघते तर पाटावर. भोसरीला टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस, आजच्या दिवशी ह्यांना आवरणार कोण. पाने, हातोडी, विळा, कात्री, माझी भाजीची सुरीसुद्धा, आणि मधोमध माझं मशीन, झेंडूची माळ घालून.
"आज हत्याराला हात लावायचा नाही."
"उद्या सकाळी ती माणसं बघायला येणार."
"आधी कापायचं होतंस."
पावसात? डोकंच फिरलं. माळ काढली, मशीन उचललं. हे उठून बाल्कनीत गेले. बोलले असते तर सोपं गेलं असतं.
खाली जाऊन बटण दाबलं. ढिम्म. बॅटरी बदलली. ढिम्म. वर आणून नीट पाहिलं. बॅटरी जिथे बसते त्या खाचेत आतपर्यंत हळद-कुंकू, तेही पाण्यात कालवून. तांब्याच्या पट्ट्या लालभडक. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्याचा जीव तिथेच ना."
मग विळा उचलला. तोही पूजेतलाच. एक कोपरा जेमतेम झाला. जिन्यात बसून रडले. रागाने.

२ ऑक्टो., दसरा
उठले तर हे खिडकीशी बसून जुन्या टूथब्रशने पट्ट्या घासत होते. "होईल चालू. पण काल उचलायला नको होतंस."
"काल चालू झालं असतं तर कापूनच वर आले असते."
चालू झालं. अर्धी हिरवळ झाली न झाली तोच सगळे गाड्या पुजायला खाली. चे. पेव्हरवाल्याला घेऊनच आलेले. बघणं बाजूलाच, मी कापलेल्या भागावर त्याने पेव्हरच्या आखणीसाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायला घेतल्या.
"वयनी, अर्धीच झालीया. ठरलं हुतं आपलं."
ठरलं होतं. मी हरले होते. गवताचा दांडा काढला, पाला उडवायचा बसवला आणि रेघेवरून चालत गेले. फक्की उडाली ती चे. च्या नव्या काळ्या गाडीवर, हारासकट. शैला हसू लपवत तोंडाला ओढणी लावून वळली.
"सबूद मोडताय, वयनी."
"मोडतेय," म्हटलं.
इथेही लिहून ठेवते. मोडला. वाईट अजिबात वाटत नाही.

५ ऑक्टो., रविवार
रेघा परत मारल्या. बोर्डावर नोटीस: सामायिक जागेत खाजगी यंत्र चालवण्यास मनाई. पेव्हरचा ट्रक उद्या सकाळी. शैला आणि तिघी-चौघी ट्रकसमोर बसू म्हणतायत. येतात की नाही, बघू.
दुपारी मोटरला गवताचा दांडा लावत होते. हे म्हणाले, "उद्या पेव्हरखालीच जायचं ते गवत. आता कापून काय उपयोग?"
म्हटलं, गाडायचंच असेल तर नीट कापलेलं गाडू देत. काय गाडलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.
मग हे दुसरी बॅटरी खिशात टाकून माझ्याबरोबर खाली आले.