ह्यांचं देणं, माझी सही

अब्बा, तुम्ही दिलेल्या येरवड्याच्या दोन खोल्या अजून माझ्याच नावावर आहेत. हे आधी सांगते, कारण हल्ली दारात येणारा तेच विचारतो.

हे गेले त्याला काही महिने झाले. जनाज्याच्या नमाजाआधी तुमचा नातू रिवाजाप्रमाणे पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या अब्बांकडे कुणाचं देणं असेल तर माझ्याकडे मागा." आपल्यात सगळेच म्हणतात. दूधवाला आला, शिंपी आला, त्यांचे पैसे दिले. मला वाटलं, मिटलं. मग एक दिवस इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. चपला बाहेर काढल्या, सलाम केला, पाणीसुद्धा खाली बसून प्यायला. म्हणाला, ह्यांच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, मी बँकेतर्फे वसुलीला येतो. ह्यांच्याकडे कार्ड होतं हे मला त्याच्याकडून कळलं. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही." तर म्हणतो, "खाला, तुमच्या मुलाने सगळ्यांसमोर शब्द दिलाय. मी होतो ना नमाजाला." तेव्हापासून त्या दिवशीच्या एकेका टोपीखालचा चेहरा आठवून बघते. हा दुवा मागायला आला होता की पत्ता बघायला?

बोलताना त्याची नजर भिंतींवरून फिरत होती. "घर कुणाच्या नावावर आहे, खाला?"

"का, भाड्याने हवंय?"

तो हसला आणि कागद पुढे केला. नुसती सही करा, सवडीने भरा. मी चष्मा शोधायला उठते, तो म्हणतो वाचायची गरज नाही, आणि मला तुम्ही दिसता. मॅट्रिकचा निकाल लागला त्याच महिन्यात मी रॉकेलवाल्याच्या कोऱ्या पावतीवर सही करून आले होते. तुम्ही ओरडला नाहीत. जेवताना एवढंच म्हणालात, "अंगठा लावणारी तुझी अम्मी बरी, ती आधी चारदा विचारते." अम्मी हसली. म्हणून चष्मा लावून सगळं वाचलं. ह्यांचं देणं मी स्वतःच्या अंगावर घेते, असं त्यात होतं. कागद परत दिला. म्हटलं, ह्यांनी मागे ठेवलंय त्यातून घ्या, माझ्याकडून नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "देणं राहिलं की गेलेल्याची रूह अडकते, खाला."

"रूह अडकते की तुमचं कमिशन?"

तो उठून गेला, पण ते वाक्य घरातच राहिलं. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, मयताने ठेवलेल्यातून आधी देणं फेडायचं. तुमच्या नातवाने वकिलाला विचारलं. तोही म्हणाला, जे मागे राहिलं तेवढ्यातूनच, बायकोची सही नसेल तर तिच्या अंगावर येत नाही. दोघं एकच बोलले, म्हणून मला त्याचाही संशय आला. ह्यांच्या खात्यातली शिल्लक आणि स्कूटर विकून आलेले पैसे मी स्वतः बँकेत जाऊन भरले, शिक्क्याची पावती घेतली. तरी बाकी राहिलीच.

बँकेतून कार्डाचा तपशील आणला. वाटलं होतं कुठल्या सोनाराचं नाव निघेल, नाहीतर लॉजचं. काहीच विकत घेतलेलं नाही. दर महिन्याला नुसती रोख काढलेली, ह्यांची वॉचमनची नोकरी सुटली तेव्हापासून. घरखर्चाला मात्र कधी खंड पडला नाही. विचारलं की म्हणायचे, साठवलेले आहेत. मग ही रोख कुणाला दिली? तुमचा नातू म्हणाला, "अम्मी, घरातच आली असेल." मी म्हटलं, "माझ्या घरात काय येतं ते मला कळत नाही?" त्याने तपशिलाचा कागद घडी करून माझ्यासमोर ठेवला. त्याचं ते घडी करणं मला आवडलं नाही.

ह्यांनी कोणत्या महिन्यात हातावर किती ठेवले ते माझ्या हिशोबाच्या वहीत लिहिलेलं आहे. ताडून बघायला एक दुपार पुरेल. पण जुळलं, तर त्या कार्डावर मीच भात शिजवला असं होईल, आणि मग वकील सुटलीस म्हणाला तरी मी सुटत नाही. आणि अब्बा, मग फेडायला तुमच्या ह्या खोल्याच राहतात.

गुरुवारी तुमच्या नावाने फातेहा देताना मी घरातलं सगळं तुम्हाला सांगते. हे मात्र फातेहाला अजून ओठांवर आणलेलं नाही, आणि वही उघडलेली नाही.